चिखलदऱ्याला भेटलेला हिरो

“पण महाराज, त्या सबंध दिवसात माझी आई मला दिसत का नाही?”

केवलगीर महाराज मठाच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कोणत्या दिवसात?”

“चिखलदऱ्याच्या. आई आणि मी, दोघंच गेलो होतो. जन्मात एकदाच.”

विचारणारा दिगंबर गावंडे, अकोटचा कापडवाला. आई जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला बहीण म्हणाली, “दादा, आईची चिखलदऱ्याची गोष्ट सांग ना.” यानं रंगवून रंगवून सांगितली, आणि सगळी निघाली एका सिनेमानटाची! बहीण उठून आत निघून गेली. तेव्हापासून गड्याला अन्न गोड लागत नव्हतं.

“नट?” महाराजांचे हात थांबले. “खराखुरा?”

दिगंबर लगेच खुलला. “शूटिंग होतं ना पॉइंटवर! एवढा मोठा हिरो, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं!”

“उंच आहे का रे? की पडद्यावरच दिसतो?”

“माझ्याएवढाच. बिनसाखरेची कॉफी पीत होता. पांढरे बूट, डाव्या बुटाची नाडी सुटलेली...”

“अरे वा! आणि आई काय प्यायली?”

“आई...”

“बरं, साडी कोणती नेसली होती?”

जन्मभर बायकांना साड्या दाखवणारा माणूस, पण एक रंग सांगता येईना. त्याचे डोळे भरून आले.

“दरीसुद्धा आठवत नाही हो. धुकं होतं की ऊन, देव जाणे. जिकडं बघावं तिकडं तोच उभा.”

“फोटोबिटो काढलास की नाही?”

“आहे ना!”

महाराजांनी हात अंगावरच्या भगव्या छाटीला पुसले. मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते बराच वेळ बघत राहिले...

“झकास आलाय. तू याच्या तोंडाकडं बघतोयस.”

“भान कुणाला होतं, महाराज!”

“आणि हा समोर बघून हसतोय. काढला कुणी?”

“आईनंच. तिला कुठलं जमायला! सारखं बोट चुकायचं. मग मी खेकसलो तिच्यावर, आटप लवकर, साहेबांना वेळ नाही...”

बोलता बोलता दिगंबर थांबला. ओट्यावर टेकला.

“तेव्हा तिचा चेहरा... कसा झाला असेल, महाराज?”

महाराजांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

“त्या हिरोला जाऊन विचार. तिच्याकडं बघणारा तिथं तो एकटाच होता.”