काचेला चिकटलेला पाहुणा

माशांच्या पिढ्या मोजल्या तर ही गोष्ट फार म्हणजे फारच जुनी आहे. एका घरातल्या काचेच्या टाकीत केशरबाई नावाची गोल्डफिश दोन वर्षं ठाण मांडून होती. टाकी आपल्याच नावाने ओळखली जाते, असं ती सगळ्यांना सांगायची.

एके दिवशी मिशांचा, करंगळीएवढा मासा टाकीत आला आणि शेवाळाने हिरव्या झालेल्या काचेला तोंड लावून चिकटला.

"कोण रे तू? कुठला?" केशरबाईने दरडावलं. तोंड कामात गुंतलेलं, तो काय बोलणार!

"मिशा आहेत म्हणजे मागूर असेल," एक गप्पी मासा घाबरून म्हणाला. "मोठा झाला की गिळेल आपल्याला!"

"छे! चिकटतोय म्हणजे जळूच," केशरबाईने निकाल दिला. "ओळख पटेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही. दाण्यांकडेही फिरकू द्यायचं नाही त्याला."

त्याचं काहीच अडलं नाही. तो शेवाळ खात काचेवरून निवांत सरकत राहिला.

पाचव्या दिवशी काच लख्ख झाली आणि कित्येक महिन्यांनी बाहेरून आतलं दिसू लागलं. घरातली छोटी रेवती धावत आली आणि तिने काचेला नाक लावलं.

"आई, आपला शेवाळखाऊ बघ! केवढं काम केलंय गं त्याने!"

मग तिचं बोट केशरबाईपाशी येऊन थांबलं.

"आणि ही जाडी कोण? ही कधी आणली?"