काठीवरचे चावे

केरू मेस्त्रींच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती. आता सुतारकाम लेक करणार, म्हणून तिला घेऊन ते वापरलेलं करवतीचं मशीन बघायला पोपटशेठच्या दुकानात गेले. एक मशीन वीस वर्षांचं, दुसरं दोनच वर्षांचं. मेस्त्रींनी जुन्यावर हात ठेवला.

शेठ खो खो हसला. "मेस्त्री, बोटं गेली तरी अक्कल नाही आली! नवं सोडून हे भंगार नेताय?"

मेस्त्रींनी दोन्ही मशीनांसोबतच्या, लाकूड पुढे ढकलायच्या काठ्या उचलल्या.

"या जुन्या काठीला पात्याने किती चावे घेतलेत बघा. तेवढ्या वेळा मालकाची बोटं वाचलीत. नव्याची काठी कोरी आहे, शेठ. मालकाने दोनच वर्षांत ते का विकलं असेल?"

लेकीकडे न बघता मेस्त्री म्हणाले, "माझीही कोरीच होती."