द्रोणभर दंव

डोंगराच्या कुशीत, पळसाच्या रानाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथं तुळसा आणि तिची मावशी राहायच्या. रानातली पानं आणायची, पत्रावळी लावायच्या, विकायच्या आणि मिळेल त्यात भागवायचं, असा त्यांचा संसार. गरिबीचं तुळसाला काही वाटत नसे. तिला सलत होतं ते वेगळंच.

गेल्या पावसाळ्यात तापानं तिची आई गेली. त्याच दिवशी सकाळी तुळसा रुसून तिला म्हणाली होती, "मी तुझ्याशी बोलणारच नाही." संध्याकाळी आईची शुद्ध हरपली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून तुळसाचं मन त्या सकाळीच अडकून पडलं. चुलीवरची पेज उतू जाई, मावशी हाका मारून थके, पण तिला काही ऐकू येत नसे.

चैत्रात पळस फुलला. सगळं रान शेंदरी झालं. पानं शोधताना तुळसाला कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकताना दिसलं. बोटाएवढी एक परी! शेंदरी झगा, दंवाच्या थेंबांसारखे पंख, आणि ते पंख धाग्यांत गुरफटलेले. तुळसानं हलक्या हातानं एकेक धागा सोडवला.

परीनं पंख झटकले, तशी सोनेरी धूळ उडाली. "काय हवं तुला, बाळ?" तिनं विचारलं.

"ती सकाळ परत हवी."

परीचा चेहरा कोमेजला. गेलेली सकाळ कुणालाच आणता येत नाही, ती म्हणाली. पण डोंगराच्या माथ्यावर एक सुकलेला चाफा आहे, तो फुलला तर त्याचा सुगंध आईपर्यंत निरोप नेईल. मग तिनं चिमुकल्या द्रोणात चमचमतं दंव भरून दिलं.

"हे चाफ्याला घाल. मात्र मन मागं गेलं, की दंव आटेल."

तुळसा निघाली. चार पावलं गेली नाही तोच तिला आईचा चेहरा आठवला, आणि द्रोण कोरडा पडला. ती रडत परत आली. परीनं पुन्हा दंव भरलं आणि हळूच म्हणाली, "आठवण आली तर येऊ दे, तिला हाकलू नकोस. फक्त आपल्या पावलांकडे परत ये. पायाखाली काय आहे ते बघ."

तुळसानं पाहिलं. पायाखाली ऊनऊन माती होती. मुंग्यांची काळी रांग होती. वारा कानाशी कुजबुजत होता. करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास येत होता. आठवण आली, डोळे भरले. तिनं श्वास घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं. दंव हललं, पण आटलं नाही.

चाफा दिसू लागला, तेवढ्यात झुडपातून बारीक आवाज आला. भेकराचं एक पाडस निपचित पडलं होतं. त्याची जीभ सुकली होती. तुळसानं द्रोणाकडे पाहिलं, चाफ्याकडे पाहिलं. आईला धाडायचा निरोप आता राहणार होता. तरी ती खाली बसली आणि थेंब न् थेंब पाडसाच्या तोंडात घातला. पाडसानं डोळे उघडले, धडपडत उठून तिचा हात चाटला.

"परी, दंव संपलं," ती म्हणाली.

मागोमाग उडत आलेली परी तिच्या खांद्यावर उतरली. "काल हा आवाज तुला ऐकूच आला नसता," असं म्हणून तिनं चाफ्यावर फुंकर घातली. काड्यांमधून पोपटी पानं फुटली आणि टपोरी पांढरी फुलं उमलली.

किती दिवस तुळसानं मनात 'चुकले' हा एकच शब्द घोळवला होता. आता फुलाशी ओठ नेऊन ती म्हणाली, "आई, मी बोलतेय गं तुझ्याशी. इथं छान ऊन पडलंय. एक पाडस आहे, ते पाणी प्यायलं."

सुगंध दरवळत आभाळात गेला. त्याच्यामागून परी उंच उडाली, झगझगली आणि उजेडाचाच एक कण होऊन उन्हात विरून गेली.

तुळसा घरी आली. दारात मावशी वाट बघत उभी होती. तिचे केस पिकू लागलेत, हे तुळसानं आज पहिल्यांदा पाहिलं. ती तिला बिलगली आणि म्हणाली, "मावशी, मला भूक लागलीय."

आई गेल्यापासून तिनं आपणहून काहीच मागितलं नव्हतं. मावशीनं पदरानं डोळे टिपले आणि ताट घेतलं. मग दोघी शेजारी बसून गरम भाकरी जेवल्या, आणि तुळसाला तिची चव लागली.