मडक्याची पायरी

करंजखोऱ्याच्या वाघजाईच्या टेकडीला एकसष्ट पायऱ्या आहेत. चाळिसाव्या पायरीवर मडके टेकेल एवढा गोल खळगा आहे. पाटलांच्या घरातला पुरुष तिथे आला की तोंडावर हात ठेवतो आणि मगच पुढे चढतो. ब्याऐंशी वर्षांचे दाजीबा पाटीलही ठेवतात. पाहुण्यांना त्या खळग्याची हकिकत तेच सांगतात, आणि आपल्याच पूर्वजाबद्दल सांगताना त्यांचा आवाज चढत जातो.

फार पूर्वी इथे रायाजी पाटील होता, म्हणे. जत्रेत देवीपुढे पडणाऱ्या प्रत्येक बोकडाची एक मांडी त्याच्या घरी जायची, तसा मानच होता. एरवीही मटणावाचून त्याचा घास उतरत नसे. खाऊन खाऊन त्याचा पाय सुरणासारखा सुजला. वैदूने सांगितले, मटण सोडा. पाटलाने सोडले. तीन महिन्यांत सूज उतरली, झोप लागू लागली, आणि गडी एका दमात टेकडी चढून आला. इथवर ठीक होते. पण बरे वाटलेल्या माणसाला गप्प कुठे बसवते? त्याने दवंडी पिटवली, की आजपासून गावात कुणाच्याही चुलीवर मांस शिजता कामा नये.

म्हणजे मांड्या खाणार हा, आणि पथ्य पाळायचे गावाने! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

धनगरवाड्यात ठकूबाई नावाची विधवा राहायची. तिची लेक सगुणा नऊ दिवसांची बाळंतीण होती. अंगात ताकद नाही, छातीला दूध नाही, पोर रडून रडून थकलेले. ठकूबाईने आपले होते ते एकच बोकड कापले आणि पायांचा अळणी रस्सा चुलीवर चढवला. वासावर पाटलाची माणसे आली. त्यांनी मडके उचलले आणि उकिरड्यावर पालथे केले.

ठकूबाई रडली नाही. रिकामे मडके घेऊन ती टेकडी चढली आणि दर्शनाला निघालेल्या पाटलाच्या वाटेत, चाळिसाव्या पायरीवर, आज खळगा आहे तिथे मडके पुढ्यात टेकवून बसली.

"पाय तुजा सुजला, अन् पथ्य माज्या लेकीला व्हय रं?"

पाटलापुढे कधी मान वर न केलेली बाई त्याला अरेतुरे करत होती.

"सरक म्हातारे. तुमच्याच भल्याचं सांगतोय," असे म्हणत पाटलाने मडके ओलांडायला पाय उचलला. तो पाय तिथेच पूर्वीच्या दुप्पट सुजला, असे सांगतात. त्याला धड वर जाता येईना, धड खाली. शेवटी त्याने हात जोडले.

ठकूबाई म्हणाली, "तुला मटण बाधतंय, तू खाऊ नगंस. तुज्या घरानं बी खाऊ नगं. तुमास्नी मानवंल, म्हातारं हून मराल. पर दुसऱ्याच्या ताटाकडं बघून तोंड उघडायचं न्हाई. अन् तुज्या मानाची मांडी बाळंतिणीला जाईल. तूच पोचवायची, चालत."

पाटलाने कबूल केले, तेव्हा कुठे पाय हलला. त्याने स्वतःच्या गोठ्यातले बोकड दिले, रस्सा शिजवून घेतला आणि ते मडके डोक्यावर घेऊन लंगडत निघाला. धनगरवाडा येईतो सूज उतरली होती, म्हणे. सगुणा पोटभर रस्सा प्याली. तिसऱ्या दिवशी तिला दूध आले.

आजही जत्रेतली मानाची मांडी बाळंतिणीच्या घरी जाते, आणि ती पोचवणारे पाटील घरी येऊन पिठलं-भाकरी खातात. परवा हकिकत ऐकून एका पाहुण्याने धापा टाकत विचारले, "आजोबा, मग आम्हीही मटण सोडावं का?"

दाजीबांनी तोंडावर हात ठेवला आणि उरलेल्या एकवीस पायऱ्या भराभर चढून गेले.