दुकानाचा वार

ओहायो नदीपलीकडच्या रानात, वस्ती संपते तिथं लव्हिनाचं कापडाचं नि मिठाचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते चालवी. वर्षातून एकदा नावेनं माल येई, आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघण्यात आठवडे जात. मोजपट्टी नव्हतीच. नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटांपर्यंत कापड धरलं, की झाला एक वार.

एके दिवशी जज्ज प्रेंटिस छीट घ्यायला आले. माणूस ताडमाड, तोरा त्याहून उंच. मीठ घ्यायला आलेले दोन शेतकरी दारातच उभे होते.

"बाई, तुझा हात आखूड," जज्ज गरजले. "आजपासून या दुकानाचा वार माझ्या हाताचा. हा माझा हुकूम!"

त्या हातानं मोजलं तर हिवाळ्याआधीच फडताळ रिकामं होणार, हे लव्हिनाला कळलं. ती शांतपणे म्हणाली, "हुकूम मान्य, साहेब. पण दुकानाचं माप दुकानातच राहायला हवं. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं, तर मी मोजू कशानं? तेव्हा हात इथं ठेवून जा. नाहीतर हातासकट तुम्हीच राहा. माझ्या नवऱ्याची खुर्ची रिकामीच आहे."

शेतकरी खो खो हसले. जज्जांनी तिच्याच वारानं कापड घेतलं आणि घोड्यावर टांग टाकली. मीठ घेऊन शेतकरीही गेले.

टापांचा आवाज विरेपर्यंत लव्हिना दारात उभी राहिली. मग खुर्चीवरची धूळ झटकताना तिच्या मनात आलं, उत्तर जरा कमी झणझणीत दिलं असतं, तर मेला कॉफीपुरता तरी बसला असता.