न आलेल्यांची मोजदाद

ही गोष्ट सांगणारीने ती बैठक पाहिलेली नाही. पण ज्यांनी पाहिली, ते त्या बैठकीविषयी आजही रंगून बोलतात.

डॉ. शरयू टेंबे हृदयशस्त्रक्रियेच्या एका नियतकालिकाच्या संपादक. झडपदुरुस्तीच्या नव्या पद्धतीवरचा डॉ. प्रतापराव कारखानीस यांचा शोधनिबंध त्यांनी परत पाठवला, कारण शस्त्रक्रियेनंतर तपासणीला न फिरकलेले सगळे रुग्ण त्यात ‘बरे’ म्हणून धरले होते. “बरा झालेला माणूस परत येईल कशाला?” असे प्रतापरावांचे म्हणणे. ते संपादक मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी संपादकच बदलण्याचा ठराव मांडला.

बैठकीला मंडळाच्या वीस सभासदांपैकी सात जण आले होते. सातही हात वर गेले. शरयूताई स्थिर आवाजात म्हणाल्या,

“सर, ठराव फेटाळला गेला. सात विरुद्ध तेरा.”

“अहो बाई, ते तेरा जण आलेत कुठे?”

“माझ्या कामावर समाधानी असलेला माणूस येईल कशाला?”

प्रतापराव उसळले. “जो आलाच नाही त्याचं मत तुम्ही परस्पर कसं ठरवता? त्याचं काय आहे, ते आपल्याला माहीत नाही, एवढंच म्हणता येतं.”

“हेच वाक्य निबंधात घाला, सर. मी तो पुन्हा विचारात घेते.”

कोणीतरी खुदकन हसले आणि वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

पुढे निबंध त्या वाक्यासह छापून आला. तपासणीला न फिरकलेल्या त्या रुग्णांचे काय झाले, हे मात्र अजूनही कोणाला माहीत नाही.