राजाचा सज्जन हत्ती आणि सोहरायचं अंडं

हत्तीच्या पायाखाली अंडं कसं फोडावं, हे सबंध मुलखात मला एकट्यालाच ठाऊक आहे! बरं, नाही ठाऊक. मला तव्यावरसुद्धा धड फोडता येत नाही, बायको जेवताना टरफलं वेचत बसते. पण संथाळांच्या एका गावावर हे अंडं फोडायची वेळ आली होती, आणि नाही फुटलं तर त्यांची देवराई जाणार होती.

झालं असं. सोहराय हा संथाळांचा गुराढोरांचा सण. भात घरात आला की ते गुरांच्या शिंगांना तेल लावतात, भिंतींवर मातीच्या रंगांनी चित्रं काढतात. या गावची रीत अशी, की पहिल्या दिवशी शिवारात एक अंडं ठेवायचं आणि त्यावरून सगळी गुरं हाकायची. ज्याच्या जनावराचा पाय अंड्यावर पडेल तो वर्षाचा नशीबवान. गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचतं.

हे राजा गंभीरनारायणाच्या कानावर गेलं. हा राजा नावाचाच गंभीर. दुसऱ्याच्या घरी बारसं झालं तरी याला वाटायचं, पाळण्यात आपल्यालाच का नाही घातलं! ऐन सणादिवशी तो हत्तीवर बसून गावात हजर.

"यंदा आमचा पाय पडणार," तो म्हणाला. "म्हणजे हत्तीचा."

गावचा मांझी, म्हणजे आपल्याकडचा पाटीलच म्हणा, सिदाम हेम्ब्रम. त्यानं लोटाभर पाणी पुढे ठेवून जोहार केला. "महाराज, कुणाचा पाय पडावा हे आमच्या हातात नाही."

"मग हातात घ्या. सूर्य डोंगराआड जायच्या आत आमच्या हत्तीनं अंडं फोडलं नाही, तर तुमच्या जाहेरथानातली झाडं उद्या तोडून नेईन. राणीसाहेबांना झोपाळा करायचाच आहे."

मांझीच्या तोंडचं पाणी पळालं. जाहेरथान म्हणजे त्यांची देवराई. तिथल्या सालवृक्षांत त्यांचे बोंगा, म्हणजे देव, राहतात. तिथली काटकीसुद्धा कुणी मोडत नाही.

"आणि ऐका," राजा पुढे म्हणाला, "हत्तीला कुणी हात लावायचा नाही. डोळे बांधायचे नाहीत. अंडं पुरायचं नाही. माहूत त्याला नुसता सरळ चालवेल. लबाडी आम्हांला खपत नाही." हाच राजा लहानपणी लंगडी खेळताना दोन्ही पाय टेकवायचा, असं त्याचा माहूतच सांगे.

आता हत्ती. नाव मोतीचूर. इतका सज्जन, की वाटेत बेडूक दिसला तर थांबून आधी त्याला जाऊ देई.

पहिल्या खेपेला मोतीचूर अंड्यापाशी आला, थांबला, पाय उंच उचलला आणि अलगद पलीकडे ठेवला. दुसऱ्या खेपेला त्यानं अंडं सोंडेनं उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि वर राजाच्या मांडीवर नेऊन ठेवलं. गाव खो-खो हसलं. राजानं अंडं खाली दिलं आणि म्हणाला, "हसा. झोपाळ्यावर आम्ही हसू." तिसऱ्या खेपेला हत्ती लांबून वळसाच घालून गेला. सूर्य डोंगराला टेकायला आला.

गर्दीत पानमुनी मुर्मू उभी होती. रानातून सालाची पानं आणायची, पत्रावळ्या टाचायच्या, हा तिचा धंदा. सगळे हत्तीकडे बघत होते, ती हत्तीमागच्या जमिनीकडे बघत होती.

"मांझीबाबा, ते अंडं माझ्याकडे द्या."

"तू काय करणार गं? भाजून खाणार?"

"उरलं तर." मग ती राजाकडे वळली. "महाराज, अंडं कुठं आणि कधी ठेवायचं, ते आमच्याकडे ना?"

"कुठंही ठेव, कधीही ठेव. हवं तर माझ्या डोक्यावर ठेव."

"तिथं हत्तीचा पाय पडणं बरं नव्हे, महाराज."

माहुतानं हसू गिळलं आणि हत्ती हाकला. पानमुनी वाटेच्या कडेला अंडं ओंजळीत धरून बसली. समोर वाट मोकळी! ना अंडं ना बेडूक. मोतीचूर खुशीत झुलत आला. त्यानं पुढचा पाय भुसभुशीत मातीत रोवला, उचलला, पुढे टाकला. तेवढ्यात पानमुनीनं त्या पायाच्या खळग्यात अंडं घरंगळत सोडलं. मागचा पाय आला तो थेट तिथेच.

फच्च!

मोतीचूर थांबला, पाय वर करून बघू लागला आणि इतका ओशाळला की सोंड तोंडात घालून उभा राहिला.

वर राजा हसत सुटला. पोट धरून हसला, पागोटं पडलं तरी हसला. "पोरी, ही विद्या कुठली?"

"रानात हत्तींच्या वाटेनंच पानं आणायला जाते, महाराज. हत्तीला पाय चार, पण माग दोनच पायांचा दिसतो. पुढचा पाय तो बघून टाकतो. मागचा बिनघोर त्याच ठशात."

"शाबास! काय हवं ते माग."

"जाहेरथानाला कुऱ्हाड लागणार नाही, असं गावासमोर म्हणा."

"म्हटलं. तुझ्या नातवंडांपर्यंत म्हटलं. आणि वर एक बैलजोडी तुला."

मांदळ, म्हणजे त्यांचे ढोल, घुमू लागले. चौघा गड्यांनी राजाला खांद्यावर घेतलं. चौघांचेही गुडघे वाकले, पण राजा खूश. दोन फेऱ्या झाल्यावर मांझी हात जोडून म्हणाला, "महाराज, मान घेतलात, आनंद आहे. आता रीतीप्रमाणे पुढच्या सोहरायला सबंध गावाची हंडिया तुमच्याकडून."

हंडिया म्हणजे भात आंबवून केलेली त्यांची दारू. आणि सबंध गाव म्हणजे सणाला सासरहून आलेल्या लेकी, त्यांचे नवरे आणि नवऱ्यांचे तहानलेले भाऊसुद्धा. राजाचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मी का पाजू?" तो वरूनच ओरडला. "अंडं काय मी फोडलं? अंडं हत्तीनं फोडलं!"

"खरंच की," पानमुनी म्हणाली. "मग उतरा, महाराज, खांद्यावर हत्तीला घ्यायला हवं. आणि हे चौघं दमलेत, एक बाजू तुम्ही धरा."